रोज संध्याकाळी दीड तास फोन बंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाबद्दल वाचून अनेकांना वाटतं, की हे आपल्या घरात, गल्लीत किंवा सोसायटीत का करू नये? ठरवून सुरुवात करणाऱ्यांचे आणि मध्येच अडलेल्यांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोहित्यांचे वडगावात नेमकं काय करतात?

कडेगाव तालुक्यातलं हे साधारण तीन हजार वस्तीचं गाव. रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरी मोबाइल, टीव्ही बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत ते बंदच राहतात. मुलं अभ्यासाला बसतात; मोठी माणसं वाचतात, बोलतात, हातातली कामं उरकतात. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २०२२ पासून हे सुरू झालं. कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली होती. वर्ग पुन्हा भरू लागले तरी मुलांच्या हातातला मोबाइल सुटत नव्हता, ही काळजी त्यामागे होती.

कल्पना मांडली तेव्हा पुरुष मंडळी हसली होती. मग गावातल्या बायकांची बैठक झाली. आपणही मालिका फार बघतो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं आणि त्या तयार झाल्या. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन समजावत राहिल्या. बातम्यांमध्ये भोंग्याचं कौतुक जास्त होतं. माझ्या मते खरं काम त्या बैठकीत आणि त्या घरभेटींत झालं. मोठ्यांनी आधी स्वतःच्या सवयीबद्दल बोलायला सुरुवात केली, म्हणून मुलांना सांगायला तोंड राहिलं.

२. आमच्याकडे भोंगा नाही. मग सुरुवात कशी करायची?

घरापुरतं करायचं असेल तर भोंग्याची गरजच नाही. देवासमोर दिवा लावायची वेळ, कुकरची शिट्टी, भिंतीवरचं घड्याळ, काहीही खूण म्हणून चालेल. खूण रोज तीच असावी आणि ती घरातल्या एका माणसाच्या मर्जीवर नसावी. "चला, आता ठेवा फोन" असं आईने रोज ओरडायचं ठरलं, तर आठवड्याभरात भांडण आईशी होतं आणि फोन बाजूलाच राहतो.

सोसायटीत किंवा वाडीत करायचं असेल तर आधी चार-पाच घरं गोळा करा. सगळ्या इमारतीने एकदम होकार द्यावा म्हणून थांबू नका. लाउडस्पीकर लावायचा विचार असेल तर ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे लेखी परवानगी लागते, आणि रुग्णालय किंवा शाळा जवळ असेल तर तो शांतता क्षेत्राचा भाग असू शकतो. मुलांपैकी एकाने रोज जिन्यात घंटा वाजवली तरी काम होतं, आणि ती वाजवायला मुलं भांडतात.

३. दीडच तास का? त्यापेक्षा आठवडाभर सोशल मीडिया पूर्ण सोडला तर?

सोडून बघायला हरकत नाही. आठवडाभर इन्स्टाग्राम किंवा फेसबुक बंद ठेवलं की त्यातलं कशाचं आपल्याला खरंच अडलं आणि कशाची आठवणही झाली नाही, हे चांगलं कळतं. मात्र 'डोपामाइन डिटॉक्स', म्हणजे फोन सोडून मेंदूत साचलेलं डोपामाइन काढून टाकायचं, असं जे सांगितलं जातं, त्यावर जाऊ नका. डोपामाइन हे मेंदूचं रोजच्या कामाचं रसायन आहे, साचलेलं विष नव्हे. फोन बंद ठेवल्याने ते 'धुतलं' जात नाही. बदलते ती सवय, आणि आठव्या दिवशी तीच खोली, तीच उशी, उशाशी तोच फोन असेल, तर सवय परत यायला वेळ लागत नाही.

रोजच्या दीड तासाचा फायदा असा की तो परीक्षा, लग्न, आजारपण यांतून टिकतो. शिवाय तो सगळ्यांसोबत असतो. एकट्याने केलेला आठवड्याचा निश्चय मोडला तर कुणाला कळत नाही. सगळं घर फोन ठेवून बसलेलं असताना एकट्याने रील बघणं बरंच अवघड जातं.

४. रोज ठरवते, तरी हात फोनकडे जातोच. माझी इच्छाशक्ती कमी आहे का?

नाही. ही गोष्ट मला अगदी ठामपणे सांगायची आहे, कारण स्वतःला दोष देत बसलेली फार माणसं हा प्रश्न विचारतात.

वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. मालिकेचा भाग संपतो. इन्स्टाग्राम-फेसबुकच्या फीडला शेवट नसतो, आणि तो नसावा हे मुद्दाम ठरवलेलं आहे. एझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने २००६ मध्ये न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि नंतर त्याबद्दल स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. दुसरी गोष्ट बक्षिसाची. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवून दिलं होतं, की कळ दाबल्यावर दाणा कधी मिळतो आणि कधी मिळत नाही, असं असलं की प्राणी कळ दाबतच राहतो. दहा कंटाळवाण्या रील्सनंतर एक पोट धरून हसवणारी येते, ते याच पद्धतीचं आहे.

आपल्याकडे याला काळाचीही साथ मिळाली. जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. म्हणजे ऑनलाइन शाळेसाठी घरात जादा फोन आले, त्याच महिन्यांत रील्सही आल्या. वडगावात नंतर मुलांच्या हातातला मोबाइल सुटेना, ते बहुधा याचंच फळ होतं.

म्हणून निश्चय पक्का करण्यात शक्ती घालवण्यापेक्षा फोन हाताला लागणार नाही अशी सोय करा. ती कशी, ते प्रश्न ६ मध्ये.

५. हे व्यसन आहे हे कसं ओळखायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत गेमिंगचा विकार आहे. सोशल मीडियाचं व्यसन असा वेगळा आजार नाही. त्यामुळे घरातल्या कुणाला उठता-बसता 'व्यसनी' म्हणू नये. मुलांना तर नकोच. ते ऐकून मूल आणखी लपवायला लागतं.

किती तास गेले, यापेक्षा त्या तासांनी काय खाल्लं ते बघा. झोप गेली का? जेवण, आंघोळ, अभ्यास, काम टळतंय का? आधी आवडणाऱ्या गोष्टी, म्हणजे मैदान, गाणं, मित्र, सुटल्या का? फोनबद्दल खोटं बोललं जातंय का? नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, असं आहे का? यातल्या बऱ्याच गोष्टी कित्येक महिने चालू असतील तर घरगुती दीड तास पुरणार नाही. प्रश्न १६ पाहा.

६. फोन ठेवायचा कुठे? बंद करायचा की सायलेंट?

दुसऱ्या खोलीत, सगळ्यांचे एकत्र, आणि नजरेआड. डबा, टोपली, कपाटाचा खण, काहीही चालेल. टेबलावर पालथा घालून ठेवलेला फोन सारखा आठवत राहतो. एक खोलीच्या घरात उंच फळी ठेवा, जिथे हात पोहोचवायला स्टूल लागेल.

बंद करायची गरज नाही. डू नॉट डिस्टर्ब लावा आणि त्यात मोजक्या माणसांचे कॉल येऊ द्या: म्हातारे आईवडील, बाहेरगावी शिकणारी मुलं. अँड्रॉइडमध्ये तोच माणूस १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर घंटी वाजू देण्याची सोय आहे. आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची आहे. नातेवाइकांना एवढंच सांगून ठेवा, "अडचण असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा." तातडीच्या फोनची भीती हेच बहुतेकांचं न सोडण्याचं कारण असतं, आणि या एका सेटिंगने ते मिटतं.

घरात डॉक्टर, परिचारिका, वायरमन, रुग्णवाहिकेचा चालक असेल तर त्यांचा फोन जवळच राहील. तो फक्त बोलण्यासाठी.

७. ॲपमध्ये वेळेची मर्यादा लावली आहे. तेवढं पुरेसं नाही का?

आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींत २०१८ पासून ही सोय आहे. तुम्ही दिवसभरात किती वेळ आणि कितीदा फोन उघडला, हे बघायला ती उत्तम. पण मर्यादा संपल्यावर 'आणखी १५ मिनिटं' देणारेही तुम्हीच असता. पासवर्ड घरातल्या दुसऱ्याकडे दिला तर थोडा उपयोग होतो. नोटिफिकेशन बंद करणं त्याहून जास्त उपयोगी: फक्त माणसांचे फोन आणि थेट निरोप चालू ठेवा, बाकी सगळं बंद. फोनचा पडदा रंगहीन करणं काहींना मानवतं, काहींना अजिबात नाही.

८. टीव्ही चालू ठेवला तर चालेल? आम्ही सगळे एकत्रच बघतो.

वडगावात टीव्हीही बंद असतो, आणि मला ते बरोबर वाटतं. टीव्ही चालू राहिला की ज्यांना मालिका आवडत नाही ते पाच मिनिटांत फोन मागतात. मालिकेची वेळ आड येत असेल तर दीड तासाची वेळ बदला, नियम नको.

९. शाळेचा गृहपाठच व्हॉट्सॲपवर येतो. मग?

ही फार मोठी आणि खरी अडचण आहे. सात वाजायच्या आत एकदा ग्रुप उघडून गृहपाठ वहीत उतरवून घ्यायचा, हा सर्वांत साधा मार्ग. आधी पाचवीच्या मुलाला ते मोठ्यांनी करून द्यावं, मग त्याचं त्याने. पीडीएफ असेल तर शक्य तिथे छापून घ्या. पालकसभेत एक मागणी आवर्जून करा, की गृहपाठ वर्गातच फळ्यावर लिहून द्यावा आणि ग्रुपवर संध्याकाळी सहानंतर काही टाकू नये. एकट्या पालकाने म्हटलं तर ते बाजूला पडतं. दहा पालकांनी मिळून म्हटलं तर शिक्षकांनाही ते हवंच असतं. त्यांचीही संध्याकाळ त्या ग्रुपवर जाते.

१०. मुलगी चौदा वर्षांची आहे. फोन ठेव म्हटलं की दार आपटते. काय करावं?

आधी स्वतःकडे बघा: त्या वेळी तुमचा फोन कुठे होता? या वयाची मुलं अन्याय लगेच हेरतात. "बाबा ऑफिसचं बघतायत" हे कारण त्यांना पटत नाही, आणि पटू नयेच.

तिच्यासाठी तो फोन म्हणजे मैत्रिणींचा कट्टा आहे, हेही समजून घ्या. सात ते साडेआठ ती गप्प राहिली तर आपल्यामागे काय बोललं गेलं, कुणी आपल्याला ग्रुपमधून काढलं का, ही धास्ती त्या वयात खरी असते. तिच्या दोन-तीन मैत्रिणींच्या आईवडिलांशी बोलून त्याच वेळेला त्यांच्याही घरी फोन ठेवले, तर ती धास्ती जवळजवळ संपते. वेळ कोणती, सुट्टीच्या दिवशी काय, हे तिला ठरवू द्या. आणि रागाच्या भरात फोन हिसकावून आपटू नका, तिचे चॅट चोरून वाचू नका. उद्या कुणी तिला ऑनलाइन त्रास दिला, धमकावलं, तर ते तिने तुम्हालाच सांगायला हवं. त्या दिवसासाठी विश्वास शिल्लक ठेवा.

११. दोन वर्षांचा मुलगा मोबाइल दाखवल्याशिवाय घास घेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शन दिलं आहे: दोन वर्षांपर्यंत स्क्रीनसमोर बसवूच नये, पुढे पाच वर्षांचं होईपर्यंत दिवसात एक तासाच्या वर नको, कमी असेल तेवढं बरं. जेवताना व्हिडिओ लावला की पोट भरल्याचं त्याचं त्याला कळत नाही.

तीन-चार दिवस तो कमी खाईल, रडेल. घरात एकट्या असाल तर हे दिवस फार कठीण जातात, म्हणून सुट्टीत, मदतीला माणूस असताना सुरुवात करा. सगळ्यांच्या पंगतीत बसवा, हाताने खाऊ द्या, सांडू द्या. निरोगी मूल भूक लागली की खातं. वजन घटत असेल, मूल मलूल वाटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

१२. सासूबाई दिवसभर एकट्या असतात. यूट्यूबवरची कीर्तनं हाच त्यांचा विरंगुळा. त्यांनाही बंद करायचं का?

त्यांची दुपार त्यांची आहे, तिला हात लावू नका. संध्याकाळच्या दीड तासात मात्र त्यांना सामील करून घ्या, आणि घरातल्या कुणीतरी त्यांच्याजवळ बसा. माणसं फोन ठेवून आपापल्या खोलीत गेली, तर आजींच्या वाट्याला फक्त आणखी शांतता येईल. पत्ते, सागरगोटे, निवडायची भाजी, जुना अल्बम, त्यांच्या माहेरच्या गोष्टी: "या वेळात करायचं काय?" असं विचारणाऱ्या सगळ्यांनाच माझं हे उत्तर आहे. पहिले काही दिवस कंटाळा येतो. येऊ द्यावा. मुलांना लगेच क्लासला किंवा 'उपक्रमा'ला जुंपू नका.

१३. मुलगा अमेरिकेत आहे. त्याची बोलायची वेळ नेमकी तीच.

मग आपली वेळ सरकवा. आपले संध्याकाळचे ७ म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. लंडनमध्ये दुपारचे अडीच किंवा दीड. दुबईत संध्याकाळचे साडेपाच. साडेआठनंतर बोललं तरी बहुतेकांचं जमतं. नाही जमलं तर व्हिडिओ कॉल त्या दीड तासात करावा, सगळ्यांनी मिळून, आणि संपला की फोन परत टोपलीत. घरच्या माणसाशी बोलणं हा हा वेळ काढण्यामागचा हेतूच आहे.

१४. माझा मसाल्यांचा व्यवसाय इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर चालतो. संध्याकाळीच ऑर्डर येतात. नोकरीवाल्यांचं काय, ज्यांना साहेब रात्री मेसेज टाकतात?

व्यवसायासाठी व्हॉट्सॲप बिझनेस वापरा. त्यात ठरावीक वेळेत आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे: "आम्ही ७ ते ८.३० उपलब्ध नसतो, ९ पर्यंत उत्तर देऊ." दुकानाला शटर असतं, तसं हे. जमलं तर धंद्याचा फोन वेगळा ठेवा. ऑर्डर बघायला म्हणून उघडलेल्या फोनवर आपलंच इन्स्टाग्राम असलं की अर्धा तास कुठे गेला कळत नाही. खरोखर त्याच वेळी गर्दी असेल, तर तुमचा दीड तास सकाळी घ्या, पण घरच्यांसोबतचा एखादा तरी वार संध्याकाळचा राखा.

नोकरीत अडचण वेगळी, कारण तिथे अधिकार दुसऱ्याच्या हाती असतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी असं खासगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये मांडलं होतं. कायदा झालेला नाही. तोवर वरिष्ठांना एकदाच स्पष्ट सांगा, "सात ते साडेआठ मी मेसेज बघत नाही, तातडीचं असेल तर फोन करा." फोन करावा लागला की तातडीची कामं आपोआप कमी होतात. ज्यांची नोकरी कच्ची आहे त्यांना हेही सोपं नाही, हे मला मान्य आहे. त्यांनी ऑफिसचा ग्रुप तेवढा चालू ठेवून बाकी सगळं बंद करावं.

१५. मुलांना मोबाइलवर सरळ बंदी घातली तर प्रश्नच मिटेल ना?

यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाचं खातं ठेवता येणार नाही असा कायदा केला, तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात जबाबदारी कंपन्यांवर आहे, मुलांवर किंवा पालकांवर दंड नाही, आणि हा भाग मला योग्य वाटतो.

घरात मात्र मी बंदीच्या बाजूने नाही. फक्त मुलांना लागू असलेला नियम मुलं शेजारच्या घरी जाऊन मोडतात. वडगावची पद्धत मला जास्त पटते, कारण त्या दीड तासात सरपंचाचा फोनही बंद असतो.

१६. एवढं करूनही जमत नाही. कुणाकडे जावं?

टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची मोफत फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट क्लिनिक' २०१४ पासून आहे. जवळच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही दाखवता येतं. फोनच्या आड पुष्कळदा दुसरंच काही असतं, म्हणजे उदासी, शाळेतली छळवणूक, घरातली भांडणं. फोन हिसकावून ते कळत नाही. मूल जगण्याला कंटाळल्याचं बोलत असेल, तर वाट न बघता त्याच दिवशी मदत घ्या आणि त्याला एकटं सोडू नका.

१७. इन्स्टाग्रामचं खातं काढलं तर सगळे फोटो जातील का? आणि नातेवाइकांचा ग्रुप सोडला तर राग येईल त्याचं काय?

आधी फोनवरून फक्त ॲप काढा. खातं, फोटो सगळं जागेवर राहतं. खातं तात्पुरतं बंदही करता येतं. कायमचं काढायला सांगितलं तरी इन्स्टाग्राम आणि फेसबुक ३० दिवसांची मुदत देतात, तेवढ्यात परत लॉग-इन केलं तर खातं वाचतं. फोटोंची प्रत आधी उतरवून घ्या.

ग्रुप सोडायची गरज नाही. कायमचा म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. सोडायचाच असेल तर २०२२ पासून व्हॉट्सॲपवर त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. वाढदिवसाच्या शुभेच्छा फोन करून दिल्या तर कुणी रागावत नाही.

१८. विश्वचषकाचा सामना, निकालाची रात्र, घरात कुणी दवाखान्यात असताना काय?

त्या दिवशी सूट. आधी सांगून घेतलेली असावी, ऐन वेळी पळवाट म्हणून नको. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे.

१९. नवरा 'डिजिटल डिटॉक्स' म्हणत माझा फोन काढून घेतो, स्वतःचा ठेवतो. माहेरी बोलायलाही देत नाही.

याला या उपक्रमात जागा नाही. इथे सांगितलेलं सगळं परस्पर संमतीने, सगळ्यांना सारखं आणि ठरावीक वेळेपुरतं आहे. एकाने दुसऱ्याचा फोन काबीज करणं, त्याचे कॉल अडवणं हा छळ आहे, मग त्याला नाव काहीही दिलेलं असो. महिला हेल्पलाइन १८१ आहे, जिवाला धोका असेल तर ११२. हे क्रमांक पाठ करून ठेवा, फोनमध्ये साठवून ठेवण्यावर विसंबू नका. शेजारच्या किंवा नात्यातल्या विश्वासाच्या एका बाईला परिस्थिती सांगून ठेवा, म्हणजे गरज पडली तर तिच्या फोनवरून बोलता येईल.